‘पुस्तक दिलं की जांभई देतो’

“मुलगा बारा वर्षांचा आहे. बोलण्यात चुणचुणीत, अभ्यासात बरा. पण पुस्तक हातात दिलं की दोन पानांत जांभई. वाढदिवसाची सगळी पुस्तकं कपाटात कोरीच्या कोरी पडून आहेत. गोडी लावायची तरी कशी?” पालक हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारतात. पुढची हकीकत एकाच मुलाची नाही. अशा बऱ्याच मुलांच्या अनुभवांतून ती एकत्र बांधली आहे.

गोडीचं नंतर. वाचताना मुलाला त्रास होतो का, हे आधी पाहायचं. वयाला साजेसे, साधारण १०० शब्दांचे दोन उतारे घ्यावेत. पहिला त्याने मोठ्याने वाचायचा, दुसरा त्याला वाचून दाखवायचा, आणि दोन्हींत काय आहे ते त्याच्याकडून ऐकायचं. पहिल्यात पाचपेक्षा जास्त शब्दांवर अडखळला, तर मजकूर त्याला जड जातोय. ऐकलेलं नीट सांगतो पण वाचलेलं सांगता येत नाही, असं पुन्हा पुन्हा झालं, तर अक्षरं उलगडण्यातच त्याची सगळी ताकद खर्च होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी डिस्लेक्सियासाठी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. ओळ सुटते, दहा मिनिटांत कपाळ दुखतं, पुस्तक नाकाशी धरतो, तर आधी डोळे तपासावेत. ही पायरी गाळून मुलाला ‘आळशी’ ठरवलं, की पुढचे सगळे उपाय वाया जातात.

हा मुलगा दोनच शब्दांवर अडखळला आणि दोन्ही उतारे त्याने व्यवस्थित सांगितले. म्हणजे वाचता येत होतं, वाचायचं नव्हतं. घरी पुस्तक वाचून झालं की काय होतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, “मग विचारतात.” काय विचारतात? “काय समजलं, बोध काय घेतला. आणि अवघड शब्द वहीत उतरवायचे.”

गाठ इथे होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक परीक्षा उभी, आणि प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक. अशा मुलाला आणखी एक ‘छान’ पुस्तक देऊन काही होत नाही. त्याच्या हातात असं पुस्तक पडायला हवं, ज्याबद्दल मोठ्यांनाही फारसं काही माहीत नाही. जुनी, विक्षिप्त, कुणी शिफारस न केलेली पुस्तकं इथे कामी येतात.

दुसऱ्या भेटीत टेबलावर सात गोष्टी ठेवल्या: पहिलं पान गळालेला एक जगाचा नकाशासंग्रह, एक जाडजूड शब्दकोश, मासिकाचे वर्षभराचे बांधीव अंक, घरगुती हिकमतींचं पुस्तक, रेल्वेचं जुनं वेळापत्रक, शाळेचं जुनं विज्ञानाचं पुस्तक आणि पत्रं कशी लिहावीत याचे नमुने देणारं एक पुस्तक. सातच्या वर जाऊ नये, ढीग दिसला की मूल मागे सरतं. ‘हे बघ किती मस्त’ असंही म्हणायचं नाही. पालकांनी त्या वेळी खोलीबाहेर बसलेलं बरं.

त्याने नकाशासंग्रह ओढला. त्याला एवढंच विचारलं, “याचं पहिलं पान नाही. कुठल्या सालचा असेल?”

बांगलादेश दिसला, म्हणजे १९७१ नंतरचा. जर्मनी दोन होत्या, म्हणजे १९९०च्या आधीचा. इथपर्यंत थोडी मदत लागली, मग तो एकटाच सुटला. आफ्रिकेत झिंबाब्वे सापडलं. हे नाव स्वातंत्र्याबरोबर एप्रिल १९८० मध्ये आलं. त्याच पानावर अपर व्होल्टा नावाचा देश होता. तो आता कुठेच का नाही, हे शोधायला त्याने दुसरं पुस्तक मागून घेतलं आणि ऑगस्ट १९८४ मध्ये त्याचं बुर्किना फासो झाल्याचं काढलं. म्हणजे संग्रह या दोन तारखांच्या मधला. पस्तीस मिनिटं हा मुलगा सूचीतली मुंगीएवढी अक्षरं वाचत होता. दोन पानांत जांभई देणारा तो हाच.

विज्ञानाच्या पुस्तकावरही हा खेळ होतो. प्लूटो सापडला १९३० मध्ये आणि ग्रहांच्या यादीतून बाहेर गेला २००६ मध्ये. त्यामुळे आठच ग्रह सांगणारं पुस्तक एक तर फार जुनं, नाही तर बऱ्यापैकी नवं! मुलांना ही गंमत भारी आवडते, आणि मग ती कागद, छपाई, बांधणी बघू लागतात.

तेव्हा पुस्तक वस्तू म्हणून दाखवावं. खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, छापलेल्या पानावर खिळ्याचा दाब उमटलेला असतो. खोली अंधारी करून विजेरी पानाच्या कडेकडून, अगदी आडवी धरली, तर मागच्या बाजूने अक्षरांचे उंचवटे दिसतात. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतात. मग फर्मा, म्हणजे छापून, दुमडून पुस्तकात शिवला जाणारा कागद. एक मोठा कागद तीनदा दुमडला की आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठं होतात. बंद कडा न कापता, पेन्सिल आत सरकवून १ ते १६ आकडे घालायला सांगावेत आणि मग कागद उलगडायला लावावा. आकडे अस्ताव्यस्त दिसतात, निम्मे उलटे, पण शेवटच्या, म्हणजे कण्याच्या घडीपाशी शेजारी आलेल्या जोडीची बेरीज दरवेळी १७ येते: १ आणि १६, ४ आणि १३, ८ आणि ९. पुष्कळ जुन्या पुस्तकांत दर सोळा पृष्ठांनी तळाला एक बारीक आकडा किंवा अक्षर का असतं, हे यानंतर सांगावं लागत नाही. शिवणाऱ्याला फर्म्यांचा क्रम कळावा म्हणून ती खूण असते. या मुलाने ६ च्या जागी ११ घातला आणि जोड्या जुळेनात तेव्हा स्वतःच चूक शोधली.

कागदाचंही एक कोडं आहे. दोनशे वर्षांपूर्वीचं पान पांढरं आणि साठ वर्षांपूर्वीचं पिवळं, ठिसूळ, असं का? पूर्वी कागद चिंध्यांचा व्हायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाचा लगदा रुळला. त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आणि शाई फुटू नये म्हणून घातलेल्या तुरटी-राळेमुळे कागदात आम्ल तयार होऊन धागे तुटतात. जुन्या पुस्तकाचा गोडसर वास याच विघटनाचा, त्यात व्हॅनिलाच्या वासाचा घटकही असतो. कुबट, ओलसर वास मात्र बुरशीचा. दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या मुलाला तसलं पुस्तक देऊच नये.

हाताळणीचं आधी सांगून टाकावं, नंतर ओरडू नये. पुस्तक फळीवरून काढताना कण्याचं वरचं टोक ओढायचं नाही, मधोमध धरायचं. सपाट उघडायचं नाही, दोन्ही बाजूंना घडी केलेला टॉवेल ठेवायचा. हातमोजे नकोत, धुऊन कोरडे केलेले हात पुरतात. मोज्यांनी बोटांना अंदाज येत नाही आणि पान फाटतं. फाटलं तर चिकटपट्टी लावायची नाही, तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. रद्दीतून आणलेल्या पुस्तकात कसर दिसली, तर ते दोन प्लॅस्टिक पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावं आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नये, नाहीतर गार पानांवर दव धरतं.

तिसऱ्या आठवड्यात घोटाळा झाला. मुलगा नकाशात रमलाय हे ऐकून वडिलांनी हौसेने तीन नवे कोरे ज्ञानकोश आणले आणि रोज रात्री विचारू लागले, “आज किती पानं झाली?” मुलाने नकाशासंग्रहसुद्धा मिटून ठेवला. वडिलांचा हेतू चांगला होता, पण त्यांनी परीक्षा पुन्हा दारात आणून उभी केली. त्यांना एकच काम दिलं: महिनाभर प्रश्न नाही, कौतुक नाही, बक्षीस तर नाहीच. रोज १५ मिनिटं त्याच खोलीत बसून स्वतःचं काहीतरी वाचायचं. मुलाने काही दाखवलं तर “मला हे माहीत नव्हतं” म्हणायचं, तेही खरोखर माहीत नसेल तरच. बारा दिवस काहीच झालं नाही. तेराव्या दिवशी मुलगा म्हणाला, “बाबा, हे बघा, यात पारा हातावर घेऊन खेळायला सांगितलंय.”

ते हिकमतींचं पुस्तक होतं. अशा पुस्तकांतले प्रयोग आणि औषधं करून पाहायची नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी करावा. पारा, शिसं यांचा त्यांत सर्रास वापर असतो. बायकांबद्दल, जातींबद्दल, परक्या लोकांबद्दल ओंगळ वाक्यंही येतात. ती पानं लपवू नयेत. हे कुणी लिहिलंय, कुणासाठी, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याने वाचलं असतं तर? एवढं बोलणं बस होतं. अर्थात प्रत्येक पुस्तक आधी मोठ्यांनी चाळलेलं हवंच.

वस्तूकडून सलग वाचनाकडे नेणारा पूल बांधीव अंकांचा. मुलं आधी जाहिराती बघतात, मग वाचकांची पत्रं, मग क्रमशः कथा. मराठी जुने अंक असतील तर ‘कांहीं’, ‘नांव’ असले अनुस्वार बघून ती म्हणतात, “चुका किती!” १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे हे अनुस्वार गेले, हे सांगितलं की डोळे दहा-बारा पानांत सरावतात. या मुलाच्या अंकांत एका कथेचा पाचवा भागच नव्हता, पानं फाडलेली. चौथा वाचून तो चिडला, सहावा वाचून पाचव्यात काय झालं असेल ते स्वतः लिहून आणलं. ते कुणी तपासलं नाही.

वाढदिवसाची पुस्तकं अजून कोरीच आहेत, आणि आईला ते अजून खुपतं. खुपू दे. परवा तो नकाशासंग्रह घेऊन परत आला, भिंगासकट. मागच्या बाजूला खनिजांचा एक छोटा नकाशा आहे, त्यावर झिंबाब्वेच्या जागी रोडेशिया हे जुनं नाव लिहिलंय. एकाच पुस्तकात दोन नावं कशी? जुना नकाशा तसाच पुन्हा छापला असेल का, असं त्याने आपणहून विचारलं. मग म्हणाला, “याची आधीची आवृत्ती कुठे मिळेल?”