गाणं तुझं, मास्टर कोणाचं?

‘ताई, मी 23 वर्षांची आहे. स्वतःच लिहिते, चाल लावते, गाते. एका म्युझिक कंपनीने माझ्या तीन गाण्यांचे 60,000 रुपये देऊ केलेत. करारात “सर्व हक्क, कायमस्वरूपी” असं लिहिलंय. बाबा म्हणतात, दारी आलेल्या लक्ष्मीला परत पाठवू नकोस. ज्या मित्राने एक पैसाही न घेता तिन्ही गाण्यांची अरेंजमेंट केली, तो आता निम्मा वाटा मागतोय. आमचं बोलणं बंद आहे. काय करू?’
– एक वाचक, सांगली

सही आज करू नकोस, पण कंपनीला नकारही कळवू नकोस. आधी मित्राला भेट.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, रेकॉर्ड झालेलं मूळ ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर, ही दुसरी. तो ‘निम्मा’ म्हणतोय तो कशातला, हे तुम्ही एकमेकांना विचारलेलंच दिसत नाही. फोनवर नको, समोरासमोर बसा आणि गाणी लावून ऐका. मुखड्याआधीची धून कोणाला सुचली? त्याला सुचली असेल तर चालीतही त्याचा टक्का आहे. ठेका, बेस, कीबोर्ड, मिक्सिंग एवढंच त्याचं असेल, तर त्याचा वाटा मास्टरमध्ये. फुकट केलेल्या कामाचे मास्टरमध्ये 25 ते 30 टक्के मला रास्त वाटतात. प्रत्येक गाण्याचं एक पान करा: नाव, तारीख, शब्द-चालीचे टक्के, मास्टरचे टक्के, दोन्ही टक्क्यांची बेरीज वेगवेगळी 100, खाली दोघांच्या सह्या. एखादा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा, नेटवरून घेतलाय का, तेही विचार. तोच लूप दुसऱ्यांनीही वापरलेला असतो आणि मग यूट्यूबवर तुझ्याच गाण्यावर दुसऱ्याचा हक्क सांगणारा क्लेम येतो. निघताना प्रोजेक्ट फाइल आणि प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक, 24 बिट वेव्ह (WAV) फाइलमध्ये, आपल्या डिस्कवर घे.

आता करार. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. घेतला तरी ते कलम रद्दबातल. पण हे पैसे आपोआप घरी येत नाहीत; त्यासाठी गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेची सभासद हो आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदव. करारात मुदतच लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. ‘कायमस्वरूपी’ या एका शब्दाने तू ते संरक्षण घालवतेस.

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमची मास्टर्स तिच्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकीची होती. 2019 मध्ये कंपनी विकली गेली, मास्टर्सही सोबत गेली. पण गाणी तिने लिहिलेली होती, म्हणून 2021 पासून तिला चार अल्बम नव्याने रेकॉर्ड करता आले. मूळ मास्टर्स तिने 2025 मध्ये विकत घेतली. म्हणून तुझ्या करारात ‘पुन्हा रेकॉर्ड करण्यास मनाई’ असं कलम आहे का, किती वर्षांचं आहे, हे बोट ठेवून शोध.

कंपनीला लिही: मास्टर विकत नाही, पाच वर्षांचा परवाना देते, फक्त या तीन गाण्यांचा, पुढच्या गाण्यांवर हक्क नाही, हिशोब दर सहा महिन्यांनी, पुन्हा रेकॉर्ड करायची मनाई मुदतीपुरतीच. त्या बदल्यात रक्कम 30,000 वर आली तरी चालेल. बाबांचं चुकत नाहीये, त्यांना फक्त आकडा दिसतोय. हे पत्र त्यांनाच आधी वाचायला दे. अंतिम मसुदा मात्र कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखव.

कंपनी नाहीच म्हणाली, तर डिस्ट्रिब्यूटरमार्फत, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग ॲप्सवर पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत, तू स्वतः रिलीज कर. तीन गाणी एकदम नकोत, सहा-सहा आठवड्यांनी एकेक. फाइल चार आठवडे आधी चढव, म्हणजे स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं वेळेत पाठवता येतं. निदान सात दिवस तरी हातात हवेत. तिथे 12 महिन्यांत 1,000 वेळा वाजल्याशिवाय गाण्याला रॉयल्टी सुरू होत नाही, तेव्हा पहिल्या महिन्यात खात्यावर शून्य दिसलं तर घाबरू नकोस. प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख म्हणून मिळालेला 12 अक्षर-अंकी आयएसआरसी क्रमांक त्या सह्यांच्या पानावरच लिहून ठेव. पुढे डिस्ट्रिब्यूटर बदललास तर तोच क्रमांक द्यायचा, नाहीतर जुन्या प्लेची मोजणी तुटते.