संकेत कधी अनपेक्षित असतो का?

सोलापूरहून भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: कणांच्या टकरींत दिसणाऱ्या 'अनएक्स्पेक्टेड सिग्नल'ला 'अनपेक्षित संकेत' म्हणू का? आणि निसर्गातली बलं मुळात एकच मानणारी 'ग्रँड युनिफाइड थिअरी' म्हणजे महाएकीकृत सिद्धान्त की महाएकीकरण सिद्धान्त?

'अनपेक्षित संकेत' अजिबात नको. बातम्यांतले 'पावसाचे संकेत' ऐकून आधीच कान किटलेत. पाऊस कुणाशी ठरवून येतो का? सोलापुरात तर नाहीच! 'केत' म्हणजे इच्छा, मनसुबा. तो दोघांनी मिळून केला की संकेत. नाट्यसंकेत वगैरे सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडा. गंमत आहे संकेतस्थळात. आज ती वेबसाइट; मुळात प्रेमिकांची चोरून भेटायची ठरलेली जागा. नायिका नटूनथटून तिथे पोचावी आणि त्याने यायचंच नाही, अशी फसलेली ती 'विप्रलब्धा'.

डिसेंबर २०१५ मध्ये सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांत ७५० जीईव्ही ऊर्जेच्या आसपास फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्या अपेक्षेपेक्षा थोड्या जास्त दिसल्या. आलेखावर उंचवटा, म्हणजे नवा कण असेल ही आशा. लगेच सुमारे ५०० शोधनिबंध! काहींनी थेट महाएकीकरणातला ई-६ हा गणिती गट काढला, त्यातल्या जादा जड कणांवर हवाला टाकला. ऑगस्ट २०१६ मध्ये आणखी मोजणी आली आणि उंचवटा विरला. सगळे सैद्धान्तिक विप्रलब्धा! पण तिला निदान वचन तरी मिळालेलं असतं, यांना कुणी दिलं होतं?

माझे एक प्राध्यापक स्नेही म्हणतात, "शब्द रूढ झालाय, व्युत्पत्ती कशाला उकरता?" रूढ तर 'माझी मदत कर'ही झालंय, सर. तेही शिकवा मग वर्गात.

माझं मत 'चाहूल'. चाहूल लागते, खरी ठरते किंवा नुसता भास निघतो. शब्दातच दोन्हींना जागा आहे. तुमच्याकडे चादरीत धागा वर आलेला दिसला तर विणकर त्याला लगेच नक्षी म्हणत नाही. आधी बोटाने चाचपतो, गाठ तर नाही ना.

हां, दुसरा प्रश्न. 'महाएकीकरण'च. १९७४ मध्ये जॉर्जाय आणि ग्लॅशो या भौतिकशास्त्रज्ञांनी एसयू(५) हा अशाच गणिती गटावरचा सिद्धान्त मांडला तो विद्युतचुंबकीय, दुर्बल आणि सबल ही तीन बलं एक करायला. एकीकरण बलांचं, सिद्धान्ताचं नव्हे. संधी करून 'महैकीकरण' लिहा असं कुणी सांगेल. त्याला ते आधी मोठ्याने म्हणायला लावा.