'दवा की पाबंदी' म्हणजे औषधबंदी नव्हे

प्रश्न असा आला आहे : रक्तदाबाच्या रुग्णांना विचारायच्या एका प्रश्नावलीच्या उर्दू भाषांतरात 'दवा की पाबंदी' असे शब्द आहेत. मूळ इंग्रजीत त्या जागी 'अडहिअरन्स', म्हणजे ठरल्याप्रमाणे नेमाने औषध घेणे, असा शब्द आहे. मग भाषांतरकाराने अर्थ उलटा केला काय?

भाषांतर बरोबर आहे आणि माझ्या मते अतिशय चांगलेही आहे. फारसीत 'पा' म्हणजे पाय आणि 'बंद' म्हणजे बांधलेला. ज्याचा पाय बांधलेला आहे तो 'पाबंद'. आता पाय दुसऱ्याने बांधला तर ती मनाई होते आणि माणसाने स्वतःच बांधून घेतला तर तो नेम होतो. उर्दूने हे दोन्ही अर्थ जपले असून 'वक़्त का पाबंद' म्हणजे वेळ पाळणारा आणि 'नमाज़ का पाबंद' म्हणजे नमाज न चुकवणारा, हे तिथे कौतुकाचे शब्द आहेत. अर्थ ठरतो तो शब्दयोगाने : 'दवा की पाबंदी' किंवा 'पाबंदी से दवा लेना' म्हणजे नियमितपणा, तर 'दवा पर पाबंदी' म्हणजे बंदी. मराठीने यांतला फक्त 'पर'वाला अर्थ उचलला, म्हणून आपण दचकतो. घोड्याचे पाय बांधायच्या दोरीला आपण 'पायबंद' म्हणतो, तोही हाच शब्द. 'पाय' हे रूप फारसीतही आहे आणि संस्कृत 'पाद'वरून आलेल्या आपल्या 'पाय'चे त्याच्याशी जुने नाते आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालात 'अडहिअरन्स'च्या व्याख्येत रुग्णाची संमती गृहीत धरली आहे. नुसत्या आज्ञापालनाला उर्दूत 'तामील' आहे. स्वतःहून पत्करलेल्या बंधनाचा अर्थ 'पाबंदी'तच येतो.

अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना मूळ मजकूर न पाहिलेल्या माणसाकडून तिचे परत मूळ भाषेत भाषांतर करून घेतात आणि प्रश्न परस्परांशी किती जुळतात हे क्रॉनबॅक अल्फा या संख्याशास्त्रातल्या आकड्याने मोजतात, 0.7 किंवा अधिक आला तर समाधान मानतात. परंतु सगळ्यांनी एखादा शब्द सारखाच चुकीचा समजून घेतला, तरी हा आकडा चांगला येऊ शकतो. म्हणून रुग्णाला समोर बसवून 'या प्रश्नातून तुम्हाला काय समजले?' असे विचारणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, विशेषतः पाकिस्तानात, जिथे 2017 च्या जनगणनेनुसार जेमतेम 7 टक्के लोकांची मातृभाषा उर्दू होती आणि बाकीचे पंजाबी, पश्तो, सिंधी अशा भाषा बोलत मोठे झालेले असतात.

उर्दू प्रश्नावली वाचणाऱ्या मराठी माणसाला आणखी दोन शब्द चकवतील. 'ख़ुराक' हा तिथे औषधाचा डोस असतो, तर आपल्याकडे खुराक पैलवानाला किंवा बाळंतिणीला देतात. 'ग़फ़लत' म्हणजे तिथे हयगय, आपल्याकडे मात्र घोटाळा किंवा चूक. त्यामुळे 'दवा लेने में ग़फ़लत' वाचून आपल्याला भलतीच गोळी घेतल्यासारखे वाटेल, पण विचारलेले असते ते दुर्लक्षाविषयी. 'नाग़ा' मात्र सुदैवाने दोन्हीकडे एकच आहे. 'क्या आप दवा में नाग़ा करते हैं?' हे वाक्य 'एक दिवसही नागा न करता' असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.