दिवाळी अंकासाठी बोडोनीसारखा जाड-बारीक रेघांचा फॉन्ट वापरावा का? तो छापायला अवघड असतो का?

शीर्षकाला वापरा, बिनधास्त. मजकुराला मुळीच नको. आणि 'छापायला अवघड' हे नागपुरात इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

धरमपेठेतल्या एका संस्थेची स्मरणिका माझ्याकडे मांडणीला होती, अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. मुखपृष्ठावर मी बोडोनी लावला, 72 पॉइंटात, आर्ट पेपरवर. संपादकांना तो एवढा आवडला की आतला इंग्रजी मजकूरही त्यातच हवा झाला. अध्यक्षांचं मनोगत तर 9 पॉइंटात, मरून पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरांत, तेही मॅपलिथो या साध्या, बिनचकाकीच्या कागदावर! मी प्रूफावरच लिहून दिलं की रेघा भरतील. "तुम्ही लावा हो," म्हणाले. अंक हातात आला तेव्हा 'कमिटी'च्या स्पेलिंगमधल्या शेवटच्या दोन्ही ई चे सी झाले होते. बोडोनीच्या ई मधली आडवी रेघ केसाएवढी. मॅपलिथो शाई शोषतो, शाई पसरते आणि पहिली तीच रेघ बुजते. त्यात मरून चार रंगांतून काढलेला. त्यातल्या एका रंगाची प्लेट जरा सरकली की उरलंसुरलंही जातं.

ठपका आला महाल भागातल्या प्रेसवर. "असले फॉन्ट आपल्या नागपूरच्या प्रेसला झेपत नाहीत, भाऊ!" अहो, मुखपृष्ठ त्याच प्रेसने, त्याच मशीनवर छापलंय. भिंग लावून बघा, एकही टोक तुटलेलं नाही.

ज्याच्या नावाचा हा फॉन्ट, त्या खुद्द बोडोनीने इटलीतल्या पार्मात 18व्या शतकात हे टाइप वापरले ते मोठ्या आकारात, ऐसपैस समास सोडून. हार्पर्स बझार मासिकासाठी जोनाथन हेफ्लरने 1991 मध्ये डिडो हा असाच जाड-बारीक रेघांचा फॉन्ट काढला, तेव्हा लहान-मोठ्या आकारांसाठी सात वेगवेगळी रेखाटनं केली. अक्षर लहान होतं तशी बारीक रेघ जाड करावी लागते, एवढी साधी गोष्ट आहे. एकच रेखाटन 72 वरून 9 वर आणायचं आणि नाव प्रेसचं खराब करायचं, हा अन्याय आहे.

मराठी शीर्षकाला रोझा वन घ्या, फुकट आहे. एकच वजन, म्हणजे एकच जाडी आहे आणि तीही चांगलीच, त्यामुळे मोठ्या आकारातच शोभतो. मजकुराला टिरो देवनागरी मराठी; त्यात ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात. इंग्रजी शीर्षकाला प्लेफेअर डिस्प्ले चालेल.

हे सगळं कागदाचं. अंक फक्त मोबाइलवर काढणार असाल तर शाईचा प्रश्न नाही, पण साध्या स्क्रीनवर बारीक रेघा फिक्या पडतात. स्वस्तातल्या फोनवर आधी बघून घ्या.

आणि संपादक मजकुरासाठीच अडून बसले, तर त्याच कागदावर एक पान छापून आणा आणि त्यावर त्यांची सही घ्या. मग प्रेसकडे बोट दाखवायला कुणी येत नाही.