प्लॅस्टिकच्या टेबलावर काय मांडावे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, पुण्यातील तुमची प्रयोगशाळा सर्व कुटुंबांसाठी खुली राहणार आहे आणि प्लॅस्टिकचे टेबल तुझ्याकडे आले आहे, हे वाचून फार आनंद झाला. तू पाठवलेल्या आराखड्यात भित्तिपत्रके बरीच आहेत; ती कमी कर. ‘प्लॅस्टिक टाळा’ ही घोषणा मुलांना पाठ असते, परंतु प्लॅस्टिक हा एकच पदार्थ नाही, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी क्वचितच पडताळलेले असते.

त्यासाठी पाण्याची एक रिकामी बाटली पुरे. मुलांच्या देखत बाटलीचा आणि झाकणाचा एकेक तुकडा काप आणि पाण्यात टाकण्यापूर्वी कोणता बुडेल, हे घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, विचार. बाटली पेट (PET) नावाच्या प्लॅस्टिकची असते आणि पाण्याची घनता 1 धरली तर तिची 1.38 च्या आसपास असल्यामुळे तिचा तुकडा तळाशी जातो. झाकण पॉलिप्रॉपिलिनचे किंवा पॉलिथिनचे असल्यामुळे तरंगते. तुकडा बोटाने पूर्ण बुडवून मगच सोडायला सांग, कारण पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे कधी कधी पेटसुद्धा वर राहते आणि मुलांचा गोंधळ उडतो. त्यानंतर कडक, पारदर्शक पॉलिस्टायरिनचा तुकडा घे (थर्माकोल नको, त्यात हवा भरलेली असते). त्याची घनता 1.05 आहे, साध्या पाण्यात तो बुडेल आणि लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळवलेस की वर येईल. पुनर्चक्रीकरणाच्या कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून झाकणे याच तत्त्वावर वेगळी काढतात, हे मुलांचे डोळे पाण्याकडे असतानाच सांग.

वेफर्सचे पाकीटही जरूर ठेव. त्यात वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा एकजीव झालेले असतात. ओलावा आत शिरत नाही आणि पदार्थ महिनोन्महिने कुरकुरीत राहतो, तो त्यामुळेच. परंतु हे थर सुटे करणे अवघड असल्याने भंगारवाला त्या पाकिटाला हात लावत नाही. सोय आणि अडचण एकाच गुणातून येतात, हे लपवू नकोस.

पालक ‘जैवविघटनशील’ पेल्याबद्दल नक्की विचारतील. तो पीएलएचा (वनस्पतींतील साखरेपासून बनवलेल्या प्लॅस्टिकचा) असेल, तर त्याचे नीट विघटन होण्यासाठी औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातले, साधारण 58 अंश सेल्सिअसचे तापमान लागते. अंगणातल्या खड्ड्यात तो दीर्घकाळ तसाच राहू शकतो. महाराष्ट्रातल्या 2018 च्या प्लॅस्टिकबंदीबद्दल विचारणारेही भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस. कोणत्या वस्तूला आज खरा पर्याय आहे आणि सलाईनच्या पिशवीसारख्या कोणत्या वस्तूला तो सहज मिळत नाही, एवढे स्पष्ट बोल.

आणखी एक आग्रह आहे. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना 1993 पासून काम करते. तिच्याशी संपर्क साधून एखाद्या अनुभवी ताईंना टेबलावर बोलाव. कोणते प्लॅस्टिक विकले जाते आणि कोणते पडून राहते, हे त्या रोजच्या व्यवहारातून जाणतात आणि ते ज्ञान आपल्या प्रयोगशाळेत तयार होत नाही. त्यांना पाहुण्या म्हणून तुझ्या शेजारची खुर्ची दे, आणि त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडणार असल्यामुळे मानधनाची मंजुरी आधीच घेऊन ठेव.

कळावे,
तुझा शिक्षक