विषय ठरवण्याआधी सेटरशेजारी उभी राहा

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पीएचडीच्या प्रस्तावाचा मसुदा वाचला. कृत्रिम बुद्धिमत्ता, डिजिटल ट्विन (मशीनची संगणकातली प्रतिकृती), रोबोट, ब्लॉकचेन, सगळं एकाच पानात कोंबलंयस. ब्लॉकचेन आजच काढून टाक, त्यावर चर्चासुद्धा नको. बाकीच्यांबद्दल माझी हरकत वेगळी आहे. लवचीक उत्पादन म्हणून पानं भरलीस, पण कारखान्याला एका जॉबवरून, म्हणजे एका भागाच्या कामावरून, दुसऱ्या जॉबवर जायला किती वेळ लागतो, हा आकडा मसुद्यात कुठेच नाही. माझ्या लेखी संशोधनाचा पहिला मान त्या आकड्याचा आहे. मशीन आणखी जोरात कसं पळेल यावर मशीन बनवणारे स्वतःच पैसा ओततात. जॉब बदलल्यावर पहिला चांगला पीस कधी पडतो, याची काळजी मात्र ज्याचं शेड त्यालाच.

फोर्ड हॅरिसचं 1913 सालचं सूत्र तू परीक्षेपुरतं पाठ केलं असशीलच. लॉट, म्हणजे एका खेपेत काढायचा माल, किती मोठा घ्यावा, ते सांगणारं. त्यात सेटअपचा, म्हणजे जॉब बदलताना मशीन तयार करण्याचा, खर्च वर्गमुळाच्या आत बसतो. म्हणजे तो चौथ्या हिश्शावर आला, की परवडणारा लॉट निम्मा होतो, चारशेचा दोनशे. पडून राहणारा माल निम्मा, त्यात अडकलेला पैसाही निम्मा. हॅरिससाठी सेटअप हा दिलेला आकडा होता. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी तो आकडाच हलवला. 1969 मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला चार तास लागत. ते आधी दीड तासावर आणले, मग तीन मिनिटांवर. प्रेस थांबवूनच करावी लागणारी कामं कोणती आणि प्रेस चालू असताना उरकता येणारी कोणती, याची काटेकोर फोड करण्यापासून सुरुवात झाली. ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात इतक्यांदा सांगितली जाते की ती जुनी वाटते. भोसरीतल्या कुठल्याही जॉबवर्कच्या शेडमध्ये जा, मग कळेल किती ताजी आहे ते.

जाशील तेव्हा मालकाच्या केबिनमध्ये बसू नकोस. व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) सेटिंग लागणार असेल त्या वेळी सेटरशेजारी, म्हणजे मशीन नव्या जॉबसाठी लावणाऱ्या कारागिराशेजारी, उभी राहा. तो जुनं फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा) उतरवतो, एअर गनने चिप्स उडवतो, टेबल पुसतो. नवं फिक्स्चर चढवून डायल फिरवत ते सरळ करतो, ऑफसेट घेतो, म्हणजे जॉब नेमका कुठे आहे ते मशीनला सांगतो, टूल लेंग्थ भरतो, सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ थांबत, प्रोग्रॅम चालवून बघतो. पहिला पीस निघतो आणि क्वालिटीच्या खोलीत जातो. तिथे सीएमएमला, म्हणजे नेमकी मापं घेणाऱ्या यंत्राला, रांग. सेटर चहाला जातो, मशीन गप्प उभं. स्टॉपवॉच लावलंस तर हातातल्या कामापेक्षा ही वाट पाहणंच जास्त भरलेलं पुष्कळदा दिसेल. फिक्स्चरचं दुखणं बरंचसं पैशाने सुटतं. झिरो पॉइंट क्लॅम्पिंग बाजारात मिळतं, ते फिक्स्चर दर वेळी पाच-एक मायक्रॉनच्या आत त्याच जागी बसवतं. पहिल्या पीसच्या मंजुरीचं दुखणं असं विकत घेऊन सुटत नाही.

यावर तू म्हणशील, मशीनवरच प्रोब (स्पर्शाने माप घेणारी सुई) लावून मोजूया. छान, पण ज्या मशीनने कापलं त्याच मशीनने मोजलं तर मशीनची स्वतःची चूक दिसणार कशी? त्यात आपलं हवामान. पोलाद एका मीटरला दर अंशामागे साधारण 11-12 मायक्रॉन वाढतं. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ आणि दुपार यांत दहा अंशांचा फरक पडला, तर अर्ध्या मीटरचा जॉब पन्नास मायक्रॉनहून जास्त बदलतो. वीस मायक्रॉनचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) त्यातच बुडाला. वातानुकूलित खोलीशिवाय, तापलेल्या शेडमध्ये, मशीनवरच्या मापावर किती भरवसा ठेवावा आणि तो भरवसा आकड्यात कसा सांगावा? हा प्रश्न मला खरा वाटतो. इथे तुझं डिजिटल ट्विन खुशाल आण, कारण आता त्याला करायला काम आहे.

दुसरा विषय कोल्हापूरचा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं बरंच पोट इंजिनाच्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, चालतं. विजेच्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही. ऑर्डर एकदम बंद होणार नाहीत, पण बारक्या होतील, प्रकार वाढतील, आणि प्रत्येक प्रकाराला नवा पॅटर्न (ज्याच्याभोवती वाळू दाबून साचा करतात तो नमुना) बनवण्यात आठवडे जातील. वाळूचा साचा थेट छापणारी यंत्रं आली आहेत, त्यांना पॅटर्न लागतच नाही. मग किती नगांपर्यंत छापणं परवडतं आणि कुठून पुढे पॅटर्न स्वस्त पडतो? आपल्याकडची वाळू चालते का, बाइंडरच्या (वाळू बांधून ठेवणाऱ्या रसायनाच्या) गॅसने कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळ्या, किती येतात? तुला धातुकामाची आवड असेल तर याच वाटेने जा. आयआयटी मुंबईत कास्टिंगच्या सिम्युलेशनवर बरीच वर्षं काम झालंय, तिथल्या लोकांना आधी भेट.

आणि एका कारखान्यापुरतंच बघू नकोस. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातल्या आयकोका इन्स्टिट्यूटच्या 1991 च्या अहवालापासून चपळ उत्पादनाची (ॲजाइल मॅन्युफॅक्चरिंगची) चर्चा रंगली. वेगवेगळ्या कंपन्यांनी एखाद्या संधीपुरतं एकत्र येऊन माल उभा करावा, ही कल्पना त्यात होती. 2020 च्या लॉकडाउनमध्ये पुण्याच्या नोक्का या तरुणांच्या स्टार्टअपने आयआयटी कानपूरच्या मदतीने व्हेंटिलेटर बनवला. त्याआधी ही मुलं सौर पॅनेल साफ करणारे रोबोट बनवत होती. अशा वेळी घोडं अडतं ते सुटे भाग, पुरवठादार आणि चाचणी यांच्यापाशी. अनोळखी पुरवठादाराची कुवत चार दिवसांत कशी जोखायची, यावर कुणीतरी नेटाने काम करायला हवं. तू नाही, एवढं सगळं एका पीएचडीत मावत नाही.

डेटाबद्दल एकच सांगतो. शेडमधली निम्मी मशीनं नेटवर्क न पाहिलेली असतील. लाखांचं सॉफ्टवेअर मागू नकोस. स्पिंडल मोटरच्या वायरवर करंट सेन्सर अडकव. मशीन कापतंय की उभं आहे, एवढं त्यावरून कळतं, आणि सुरुवातीला तेवढं पुरे. पण अडकवण्याआधी ऑपरेटरला सांग कशासाठी ते, आणि नोंदीत माणसाचं नाव येऊ देऊ नकोस. आपल्यावर पाळत आहे असं त्याला वाटलं तर तो मशीन रिकामं फिरवत ठेवेल आणि तुझा आलेख सुंदर दिसेल.

गाइडना रोबोट हवाच असेल तर शेवटच्या प्रकरणात ठेव. गणपतीनंतर मी पुण्यात आहे. तेव्हा नवा मसुदा नको, सेटिंगच्या वेळेची कच्ची वही घेऊन ये, तेलाच्या डागांसकट.

कळावे.
तुझा,
सर