वाचकांचे प्रश्न : डायलिसिस चालू असताना लूर्दची यात्रा

प्रश्न : मी वैजापूर तालुक्यातील एका गावात राहते. वय ५६. अडीच वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या निकामी झाल्या, शाळेतली नोकरी सोडावी लागली आणि तेव्हापासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस छत्रपती संभाजीनगरला जाऊन डायलिसिस करून घेते. लहानपणापासून आईचे बोट धरून हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला जात आले. फ्रान्समधल्या लूर्दला एकदा तरी जावे, ही आईची इच्छा होती; ती तशीच राहिली. आता मुलाने मनावर घेतले आहे. मुलगा, सून, धाकटे दीर आणि मी असे चौघे जाणार आहोत. दिरांनी रोम, लूर्द आणि पोर्तुगालमधले फातिमा अशा बारा दिवसांच्या सहलीचे पत्रक आणले आहे. डायलिसिस सांभाळून हे जमेल का? दुसरी शंका विचारायला संकोच वाटतो. डॉक्टरांनी मला दिवसाला ८०० मिलिलीटर पाणी ठरवून दिले आहे, त्यात चहा आणि वरणही आले. लूर्दला जाऊन झऱ्याचे पाणी पोटभर प्यायले नाही आणि तिथेही सुया टोचून घेत बसले, तर ती श्रद्धेतली उणीव ठरेल का? थोरल्या जाऊबाई तसे बोलून दाखवतात. माझ्या पायी सर्वांची यात्रा अडखळेल, हेही मनाला लागते.
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आपल्या दुसऱ्या शंकेपासूनच सुरुवात करतो, कारण पहिली नियोजनाने सुटणारी आहे आणि दुसरी मनात घेऊन विमानात बसलात, तर सगळी यात्रा तिच्याच ओझ्याखाली होईल.

लूर्दला १८५८ साली ११ फेब्रुवारी ते १६ जुलै या काळात ज्या चौदा वर्षांच्या मुलीला मासाबिएलच्या गुहेपाशी अठरा वेळा मरियामातेचे दर्शन घडले, ती बर्नाडेट सुबिरू स्वतः दम्याने आजारी होती. गुहेतल्या चिखलात हाताने उकरून तिने तो झरा मोकळा केला आणि त्याच झऱ्यापाशी आजवर कित्येकांनी बरे झाल्याचे सांगितले. मात्र बर्नाडेट बरी झाली नाही. पुढे नेव्हेरच्या मठात ती जोगीण म्हणून राहिली, दम्याला हाडांच्या क्षयाची जोड मिळाली आणि १८७९ साली वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ती वारली. तरीही चर्चने १९३३ साली तिला संतपद दिले. आजार तसाच राहणे हा श्रद्धेच्या कमतरतेचा पुरावा असता, तर या निर्णयाला काही अर्थच उरला नसता. जाऊबाईंना एवढे सांगितलेत तरी पुरे.

पाण्याबद्दलही स्पष्ट लिहितो. त्या पाण्याची तपासणी पूर्वीच झाली असून ते साधे, पिण्यास योग्य पाणी आहे. त्यात औषधी द्रव्य असल्याचा दावा खुद्द तेथील देवस्थानही करत नाही. ते किती प्यावे, याचा कोणताही नियम नाही. कोविडच्या साथीत तर कुंडातील स्नानाऐवजी हात धुणे, तोंडावर पाणी घेणे आणि ओंजळीतून घोटभर पिणे, हा विधी तेथे रूढ झाला. एका घोटाचे वीस-पंचवीस मिलिलीटर धरा आणि दुपारच्या चहातून तेवढे वजा करा, म्हणजे आपले ८०० मिलिलीटर जागच्या जागी राहतील. भक्तीच्या भरात पाण्याचा हिशेब सुटला, तर फुप्फुसात पाणी साठून अपरात्री रुग्णवाहिका बोलवावी लागेल, हे आपल्याला मी सांगायला नको.

लूर्दला १८८३ पासून डॉक्टरांचे स्वतंत्र कार्यालय आहे. बरे झाल्याचे सांगणाऱ्यांचे कागद तेथे तपासले जातात, आणि आजवर नोंदल्या गेलेल्या सात हजारांहून अधिक दाव्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्यांची संख्या सत्तरीच्या थोडीशी पुढे आहे. म्हणजे ज्या ठिकाणी आपण निघाला आहात, तेथे डॉक्टर आणि देव यांच्यात भांडण लावले जात नाही. आपले डायलिसिस म्हणजे देवावरचा अविश्वास आणि जाऊबाईंची रक्तदाबाची गोळी मात्र चालते, असा न्याय तेथे कुणी लावणार नाही. ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एका तासाच्या उपवासाची चिंताही करू नका. औषधाने आणि पाण्याने तो मोडत नाही आणि आजाऱ्यांना त्यातून सूटच आहे.

आता नियोजन. बारा दिवसांचे ते पत्रक दिरांना परत करायला सांगा, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज नवे गाव, नवे हॉटेल आणि पहाटे सहाला बस, अशा सहलीत आठवड्याला तीन डायलिसिस बसवायचे म्हणजे तीन देशांत चार-पाच केंद्रांच्या विनवण्या करायच्या, आणि एक जरी वेळ हुकली तरी पुढचे सगळे कोसळते. फक्त लूर्द ठरवा आणि तेथे पाच रात्री मुक्काम करा. रोम आणि फातिमा दिरांना हवेच असेल, तर त्यांनी पुढे जावे.

क्रम उलटा ठेवा. बहुतेक घरांत आधी विमानाची तिकिटे काढतात आणि मग रुग्णालय शोधतात. आपण आधी डायलिसिसची वेळ लेखी मिळवायची, मग व्हिसा आणि तिकीट. फ्रान्समध्ये बाहेरगावच्या रुग्णांना थोड्या दिवसांसाठी घेणारी केंद्रे आहेत, परंतु यात्रेच्या हंगामात जागा लवकर भरतात, म्हणून चार-सहा महिने आधी पत्रव्यवहार सुरू करावा. लूर्दच्या आसपास, तसेच तार्ब आणि पो या जवळच्या शहरांत चौकशी करा. केंद्र आपल्याकडून हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे अहवाल, शेवटच्या काही डायलिसिसच्या नोंदी, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यानंतरचे ठरलेले वजन), हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची मात्रा आणि डॉक्टरांचे इंग्रजीतील पत्र मागेल. परत आल्यावर आपले येथील केंद्रही रक्ताच्या तपासण्या पुन्हा करायला सांगू शकते. ते आधीच विचारून ठेवा.

आपल्या वारांवरून मी असे जुळवून पाहिले. बुधवारी सकाळी संभाजीनगरला डायलिसिस, रात्री देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई, गुरुवारी पॅरिसचे विमान, शुक्रवारी पॅरिसमध्ये डायलिसिस, शनिवारी रेल्वेने लूर्द. सोमवार आणि बुधवार तेथील केंद्रात. गुरुवारी परत निघून शुक्रवारी मुंबईत उतरल्यावर मुंबईतच एक वेळ आधी ठरवून घ्यावी, घरी पोहोचेपर्यंत ताणू नये. या आखणीत दोन दिवसांहून मोठा खंड कोठेही पडत नाही, आणि तो पडू न देणे हीच खरी कसोटी आहे. आपले नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, यात बदल सुचवतील, तर त्यांचेच ऐकावे.

डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी आपण गळून जात असाल. म्हणून रात्री नऊची मेणबत्त्यांची मिरवणूक रविवारी किंवा मंगळवारी ठेवा. एप्रिल ते ऑक्टोबर या हंगामात ती रोज निघते. मेणबत्तीभोवती कागदाची झडप असते, जपमाळेच्या प्रार्थना वेगवेगळ्या भाषांतून चालतात आणि 'आवे मारिया' या मरियामातेच्या गीताच्या प्रत्येक पालुपदाला हजारो हात मेणबत्त्यांसह वर उठतात. फेब्रुवारीतील सणाचा मोह मात्र टाळा. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याची थंडी मराठवाड्याच्या माणसाला सोसत नाही.

आपल्यामुळे इतरांची यात्रा अडखळेल, असे आपण लिहिले आहे. मी थोरल्या बहिणीला तेथे घेऊन गेलो होतो, तेव्हा माझीही तीच भीती होती. वाटेत एका विमानतळावर आधी सांगून ठेवलेली चाकांची खुर्ची आलीच नाही आणि ताई दीड तास बॅगेवर बसून राहिली. त्यामुळे खुर्चीची नोंद तिकिटावर झाली आहे का, हे निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा विचारा. लूर्दला पोहोचलो आणि चित्र पालटले. तेथे आजाऱ्यांना रांगेच्या पुढे नेतात, निळ्या छताच्या हातगाड्यांतून स्वयंसेवक त्यांना ओढत नेतात, दुपारच्या पवित्र साक्रामेंताच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या, मिरवणुकीत आशीर्वाद त्यांना दिला जातो, आणि धडधाकट माणसे मागे उभी राहतात. पोप दुसरे जॉन पॉल २००४ च्या ऑगस्टमध्ये तेथे आले, तेव्हा कंपवाताने इतके थकलेले होते की गुहेपुढे गुडघे टेकल्यावर त्यांना आधार देऊन उठवावे लागले. त्यांचा तो शेवटचा परदेश दौरा ठरला. त्यांच्या पायी कुणाची यात्रा अडखळली, असे कुणी म्हटले नाही.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, पण ठरलेले डायलिसिस त्यात धरले जात नाही आणि जुन्या आजारावर बहुधा अटी असतात. तेव्हा तो खर्च वेगळा बाजूला काढा. एरिथ्रोपोएटिनचे, म्हणजे रक्तवाढीचे, इंजेक्शन थंड पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या सामानात असावे. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात त्या, हाताला बॅगेचा पट्टा अडकवू नका आणि त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका. मुलाने हे फ्रेंचमध्ये एका कागदावर लिहून ठेवले तर उत्तम. खाण्याचे म्हणाल, तर तेथे बटाटा आणि चीज पदोपदी येईल, दोन्ही आपल्याला बेताने. घरून कडक भाकरी अवश्य न्या. ठेचा आणि लोणचे मात्र सुनेच्या डब्यात राहू द्या, कारण मिठाने तहान वाढते आणि तेथे तहान आवरणे येथल्यापेक्षा अवघड जाईल.

गावातले सगळेच तीर्थ मागतील. १०० मिलिलीटरहून मोठी बाटली हातातल्या पिशवीत चालत नाही, म्हणून बाटल्या घट्ट बंद करून मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. एक जाऊबाईंसाठी भरा, काठोकाठ. त्यांना पाण्याचे बंधन नाही.